वहीत एक अक्षर नाही, आणि मुलगी पाणी ओततेय

ताई, मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहते. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. जूनपासून तिला इथल्याच एका समाजमंदिरात भरणाऱ्या मॉन्टेसरीत घातलंय. वस्तीतल्याच दोघी जणी ती चालवतात. फी झेपण्यासारखी आहे, घरापासून पाच मिनिटांवर आहे. पण चार महिने होत आले तरी वहीत एक अक्षर नाही. मुळात वहीच नाही. आज काय केलं विचारलं की सांगते, "पाणी ओतलं", "राजमा आणि चवळी वेगळी केली", "चटई गुंडाळली". सासूबाई म्हणतात, यासाठी पैसे कशाला मोजायचे, हे घरी करून घेते की मी. शेजारची मुलगी हिच्याच वयाची, ती एबीसीडी लिहिते आणि शंभरपर्यंत आकडे म्हणून दाखवते. हिचे बाबा म्हणतात, दिवाळीनंतर काढू आणि स्टेशनजवळच्या इंग्लिश नर्सरीत घालू, नाहीतर पुढे मागे पडेल. मुलगी तिथे आनंदात जाते, हे मला दिसतं. पण नुसतं आनंदात असून भागतं का? मी काय करू?
— एक आई, विक्रोळी

काढू नकोस. वर्ष अर्ध्यावर असताना, दिवाळीच्या घाईत तर अजिबात नको.

नुसत्या आनंदावर भागत नाही, हे तुझं खरं आहे. पण तू जी तीन कामं लिहिलीस ती वाचून मला बरं वाटलं. परळमध्ये एका चाळीच्या हॉलमध्ये मी बावीस वर्षं अशीच बालवाडी चालवली. दर वर्षी घटस्थापनेच्या सुमाराला कुणी ना कुणी आई दारात उभी राहून हाच प्रश्न विचारायची, आणि तिच्या मागे दोन पावलांवर सासूबाई उभ्या असायच्या. म्हणून तुला जे रोज डोळ्यांनी पाहिलं तेच सांगते.

पाण्यापासून सुरुवात करू. घरात आपण मुलांना पाणी ओतू देत नाही. सांडेल, लादी ओली होईल, कुणी घसरेल, आणि सकाळच्या गडबडीत पुसायला वेळ कुणाला? म्हणून पेला आपणच भरून हातात देतो. वर्गात त्याच पाण्याचा एक ट्रे मांडलेला असतो. दोन लहान गडू, डावीकडचा भरलेला, उजवीकडचा रिकामा, आणि शेजारी स्पंजचा तुकडा. माझ्याकडे एक मुलगा होता, चार पूर्ण व्हायचा होता, घरी कुणाच्या हाताला लागत नसे. तो एकदा त्या ट्रेपाशी बसला. जीभ ओठाच्या कोपऱ्यात, भुवया वर. गडू उचलून तिरका केला, धार पडली, आणि शेवटी काठावरून दोन थेंब ट्रेमध्ये ओघळले. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, थेंबांकडे बघितलं. स्पंज टेकवला, पिळला, पुन्हा ओतायला घेतलं. या खेपेला एकच थेंब. मी लांबून मोजत होते. अकरा वेळा झालं. अकराव्यांदा धार संपताना त्याने गडू हलकेच सरळ करून काठावरचा थेंब तिथेच तोडला, आपण तेलाच्या बुधलीचा तोडतो तसा. मग ट्रे जागेवर ठेवला आणि खिडकीत जाऊन उभा राहिला.

त्या पाव तासात त्याला कुणी शाबासकी दिली नाही, कुणी "नीट कर" म्हटलं नाही. चूक थेंबाने दाखवली. मनगट कधी वळवायचं आणि कुठे थांबायचं हे हाताला कळलं. आणि एका कामात आपण पाव तास रमू शकतो, हे त्या चंचल मुलाला पहिल्यांदा कळलं. हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ही पद्धत सुरू करणाऱ्या डॉ. मारिया माँटेसरींना रोममधल्या त्यांच्या पहिल्याच वर्गात तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे आपापल्या भोकांत बसवताना दिसली. त्यांनी बाकीच्या मुलांना भोवती गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं लक्ष हललं नाही. चाळीसहून जास्त वेळा तिने ते केलं, आणि मग छान झोप काढून उठल्यासारखी ताजीतवानी हसली. बाईंनी पुढे आयुष्यभर जे काम केलं त्याचा धागा या एका मुलीपासून निघतो.

राजमा-चवळीचं तर अगदी सरळ आहे. चवळीचा दाणा मुठीत धरून उचलता येत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकत्र यावं लागतं, आणि पेन्सिल धरायला हीच तीन बोटं लागतात. साडेतीनच्या मुलाच्या मनगटातली बारीक हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात. अशा हातात पेन्सिल कोंबली की मूल ती मुठीत आवळतं, सगळा जोर खांद्यातून लावतं, कागद फाटतो. ती पकड मग सुटता सुटत नाही. दुसरी-तिसरीतली अशी मुलं संध्याकाळी माझ्याकडे यायची, चार ओळी लिहून झाल्या की हात झटकत बसायची. त्यांच्या आयांना वाटायचं, आळशी आहे.

लिहायला शिकणार कधी, तर त्याची वाट याच कामांतून जाते. पुढे तिच्या ताई पॉलिश पेपरची अक्षरं काढतील. पुठ्ठ्यावर चिकटवलेलं खरखरीत 'न', मूल त्यावरून दोन बोटं फिरवतं आणि तोंडाने 'न' म्हणतं. डोळा, कान आणि बोट, तिन्हींकडून एकच अक्षर आत जातं. इथे मराठी आपल्या मदतीला येते, आणि त्याची आपल्याला किंमत नाही. इंग्रजीत अक्षराचं नाव एक आणि उच्चार दुसरा. 'डब्ल्यू' म्हणायला शिकायचं आणि शब्दात 'व' वाचायचं. मराठीत 'न' चं नावही न आणि आवाजही न. म्हणून सुटी कापलेली अक्षरं हातात आली की चार-साडेचार वर्षांचं मूल पेन्सिल न धरताच 'न' आणि 'ळ' शेजारी ठेवून 'नळ' तयार करतं. मग 'घर', 'वड', 'मगर'. काना-मात्रा यायला वेळ लागतो, पण तोवर शब्द आपल्याला बनवता येतो ही गोडी लागलेली असते.

रोमच्या त्या पहिल्या वर्गातच असं घडलं होतं. डिसेंबरातलं ऊन होतं, मुलं इमारतीच्या गच्चीवर. बाईंनी एका पाचेक वर्षांच्या मुलाला खडू दिला आणि समोरचं धुराडं काढायला सांगितलं. त्याने ते काढलं, आणि एकदम ओरडला, मला लिहिता येतंय! खाली वाकून त्याने गच्चीच्या फरशीवर आधी 'हात' हा शब्द लिहिला, मग 'धुराडं', मग 'छप्पर'. त्या मुलांना कुणी पाटीवर गिरवायला बसवलं नव्हतं. बोटांनी अक्षरं फिरवली होती, सुट्या अक्षरांनी शब्द जुळवले होते, हात तयार होता. नंतरच्या दिवसांत एकापाठोपाठ एक मुलं लिहीत सुटली.

गच्चीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सासूबाईंना आवर्जून सांग. मॉन्टेसरी म्हटलं की आज डोळ्यांसमोर मोठ्या फीची, एसी लावलेली, काचेच्या दाराची शाळा येते. ती सुरू झाली ती तुमच्या-आमच्यासारख्यांच्या इमारतीत. ६ जानेवारी १९०७ ला, रोमच्या सॅन लोरेन्झो या कामगार वस्तीत. आईबाप दिवसभर कामावर, पोरं जिन्यात आणि आवारात मोकळी, भिंती खराब करायची. भिंतींवर पुन्हा पुन्हा खर्च करण्यापेक्षा या मुलांसाठी एक खोली द्यावी असं इमारतीच्या मालक कंपनीने ठरवलं आणि डॉ. माँटेसरींना बोलावलं. तिथल्या भाडेकरूंसाठी नियम होते. मुलं स्वच्छ करून पाठवायची, आणि आईने आठवड्यातून एकदा तरी वर्गाच्या बाईंशी येऊन बोलायचं. चाळ डोळ्यांसमोर आणलीस तर यातलं काहीच परकं वाटणार नाही.

आणि मुंबईला तर हे नव्वद वर्षांपासून माहीत आहे. ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार काढलं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघांना बरोबर घेऊन त्यांनी ही पद्धत पार गावात आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेली. परदेशी साधनं कुठून आणणार? शिंपले, बिया, पानं, खडे, माती यांचीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात भरवली, आणि त्यातून अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना रुजली. तुझ्या लेकीच्या पुढ्यातली राजमा-चवळी त्या वाटेने आली आहे. विक्रोळीच्या समाजमंदिरात कडधान्य आहे म्हणून ती मॉन्टेसरी हलक्या प्रतीची ठरत नाही.

तरीही माझ्या सांगण्यावर निर्णय घेऊ नकोस. मॉन्टेसरी हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, ते कुणीही पाटीवर रंगवू शकतं. आपल्याकडे तर आमच्या लहानपणी कुठल्याही बालवाडीला मॉन्टेसरीच म्हणायचे. म्हणून एक दिवस अर्धी रजा टाक आणि त्या दोघींना विचारून सकाळी तासभर कोपऱ्यात भिंतीला टेकून बस. मोबाइल पिशवीत. मुलीशी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. काम मूल स्वतः निवडतंय का, की सगळ्यांना एकदम एकच वाटलं जातंय, हे आधी बघ. सगळीच मुलं एका वेळी पाणी ओतत असतील तर नाव काहीही असो, ती मॉन्टेसरी नाही. वस्तू मुलांच्या हाताला येतील इतक्या खाली आहेत का? रोमच्या वर्गातही आधी साधनं कुलपातल्या कपाटात होती. एक दिवस वर्गाच्या बाई कपाट लावायला विसरल्या, मुलांनी आपापल्या आवडीचं काढून घेतलं, आणि डॉ. माँटेसरींच्या लक्षात आलं की यांना निवडता येतं. तेव्हापासून बुटकी उघडी फडताळं आली. समाजमंदिरात हे अवघड असतं, मला ठाऊक आहे. रात्री हॉलमध्ये कुणाची तरी हळद असते, म्हणून संध्याकाळी सगळं कपाटात आणि सकाळी साडेआठला पुन्हा मांडामांड. त्या दोघी ते रोज करत असतील तर त्यांच्या कष्टाला मनापासून दाद दे.

मग ताईंचा आवाज ऐक. तो हॉलभर घुमतोय की एका मुलाच्या शेजारी बसून त्याच्यापुरता येतोय? पाणी सांडलं की कोण पुसतं? तीन, चार, पाच वर्षांची मुलं एकत्र आहेत का आणि लहानगी मोठ्यांचं बघत उभी राहतात का? मुलं किती आणि त्यांच्यामागे मोठी माणसं किती? लग्नसराईत हॉल किती दिवस बंद राहतो, हेही विचार. माझ्याकडे एका वर्षी डिसेंबरात इतके दिवस गेले की मुलांना जानेवारीत पुन्हा चटई गुंडाळण्यापासून सुरू करावं लागलं. आणि मुलीने पुढच्या चार महिन्यांत काय करावं असं तुम्हाला वाटतं, हा प्रश्न त्या दोघींना सरळ विचार. ज्यांना मूल दिसलंय त्या तुझ्या लेकीबद्दल काहीतरी असं सांगतील जे तुलाही माहीत नसेल. "सगळं छान चाललंय" एवढंच उत्तर आलं, मुलं रांगेत हातावर घडी घालून बसलेली दिसली, किंवा कुणी फटका मारताना दिसलं, तर मात्र दिवाळीचीही वाट बघू नकोस, त्याच दिवशी काढ.

शेजारच्या मुलीबद्दल थोडंच लिहिते, कारण तीही कुणाची तरी लेक आहे आणि तिची आईही चांगल्यासाठीच धडपडतेय. शंभरपर्यंत म्हणणं आणि मोजणं यात अंतर असतं. मराठीत ते जास्तच लपतं, कारण आपल्या भाषेत शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा शब्द आहे. दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' आलं तेव्हा, २०१९ साली, महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता! मूल एकोणपन्नास तालात म्हणून जातं, पण समोरच्या ताटलीतले सात शेंगदाणे दे म्हटलं की ओंजळ भरून देतं. तुझी लेक दहापर्यंतच येत असेल, पण दहा म्हणजे केवढं हे तिच्या हाताला कळलं असेल, तर ती कुठेही मागे नाही.

आता तिच्या बाबांची काळजी. ती मला खोटी वाटत नाही. मुंबईत कितीतरी शाळा नर्सरी किंवा ज्युनिअर केजीपासूनच मुलं घेतात आणि तिथल्या जागा तेव्हाच भरतात. म्हणून या दिवाळीत मुलीला काढण्याऐवजी एवढंच काम करा. पुढे कुठल्या दोन-तीन शाळा मनात आहेत ते ठरवा, तिथे जाऊन प्रवेश कुठल्या वर्गापासून आणि कुठल्या वयाला देतात, अर्ज कधी निघतात, हे विचारून कागदावर लिहून आणा. बदलायचीच वेळ आली तर जूनमध्ये बदला, नव्या वर्षाला, तिला आधी सांगून. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची चाळणी परीक्षा घ्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात बंदी आहे, हे त्यांना सांग. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरून तिथे खेळातून आणि हातांनी करून शिकण्यावर भर दिलाय. म्हणजे त्या समाजमंदिरात जे चाललंय ते जगाच्या उलट नाही.

इंग्रजी मुलीला यायला हवं, मीही त्याच मताची आहे. पण साडेतीनला ते कानांतून येऊ दे. गाणी, गोष्टी, घरात चार-दोन वाक्यं. घरात मराठीत भरपूर बोलणारं, प्रश्न विचारणारं, ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगणारं मूल दुसरी भाषा लवकर उचलतं, हे मी शेकडो मुलांत पाहिलंय. लिखाण थोडं थांबलं तर बिघडत नाही. बोलणं थांबलं तर बिघडतं, आणि नव्या जागी कळत नाही म्हणून गप्प बसणारी मुलंही मी पाहिलीत.

तिच्या बाबांना एक काम दे. बुटाचा एखादा खोका घेऊन पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून त्यात दहा कप्पे करायला सांग, आणि वर ० ते ९ आकडे लिहायला. बरोबर ४५ आइस्क्रीमच्या काड्या. मुलीने १ च्या कप्प्यात एक, २ मध्ये दोन, असं करत ९ पर्यंत टाकायच्या. सगळं बरोबर झालं तर शेवटी एकही काडी उरत नाही आणि कमीही पडत नाही. चुकलं तर काड्याच सांगतात, बाबांनी सांगायचं नाही. गप्प बसणं हेच त्यांचं काम, आणि ते फार जड जातं. शून्याच्या कप्प्यात काही टाकायचं नसतं. तिथे ती थांबेल, एक काडी हातात धरून विचार करेल, कदाचित गुपचूप टाकेलही. तेवढा क्षण त्यांनी शेजारी बसून बघावा. माझ्याकडच्या दोन वडिलांचं मत तिथेच बदललं होतं.

राहिल्या सासूबाई. "हे घरी करून घेते की मी," हे त्यांचं वाक्य मला फार आवडलं. त्यांना करू दे. वर्गात मिळणारी मोठ्या मुलांची सोबत आणि मनाप्रमाणे काम संपवण्याची मोकळीक घरी मिळत नाही, म्हणून वर्ग हवाच. पण दुपारचे दोन तास त्यांचे. फक्त एक पाळायचं. मुलीचा हात मंद चालतोय म्हणून तिच्या हातातलं काढून घ्यायचं नाही, आणि तिने केलेलं तिच्यासमोर पुन्हा करायचं नाही. घडी वाकडी झाली तर वाकडीच कपाटात जाऊ दे.

त्या हॉलमध्ये बसायला जाशील तेव्हा सासूबाईंनाही बरोबर ने. घरी आल्यावर त्या गहू निवडायला बसल्या की लेकीसाठी शेजारी एक लहान ताट ठेव, त्यात मूठभर गहू आणि चार खडे. खडे आधी मोजून घ्या. आणि तिथे काय दिसलं ते मला कळव.